राणीच्या बागेत आधी झाडं आली, मग वाघ

लालबागला नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. लहानपणी वडिलांबरोबर राणीच्या बागेत ते हत्तीवर बसले होते. परवा मुलीला तिथलेच पेंग्विन दाखवून आणले. ते विचारतात: ही बाग मुळात प्राणीसंग्रहालय म्हणूनच बांधली का? राणी नेमकी कोणती? आणि एवढ्या मोठ्या जागेत पिंजरे सोडून बघण्यासारखं काही आहे का?

सरळ उत्तर आधी देऊन टाकते. नाही, ही बाग प्राण्यांसाठी बांधलेली नाही. बाग उघडली १८६२ साली, आणि प्राण्यांसाठी शेजारची जमीन जोडली १८९० साली. मधली अठ्ठावीस वर्षं ती झाडांचीच बाग होती. राणी म्हणजे इंग्लंडची व्हिक्टोरिया. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र मला जरा लांबून यावं लागेल. या बागेतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसरीकडून उचलून आणलेली आहे, आणि ती इथे का आली हे कळलं नाही तर नुसती बघून फारशी मजा नाही.

माझ्याबद्दल दोन शब्द. झाडांची तब्येत तपासणं हा माझा व्यवसाय. कुणाच्या सोसायटीतलं झाड कलायला लागलंय, कुठल्या शाळेतल्या वडाला पोकळी पडलीय, ते बघायचं, ठोकून आवाज ऐकायचा आणि तोडायचं की राखायचं ते सांगायचं. गेली पंचवीसएक वर्षं राणीच्या बागेत झाडं दाखवायच्या फेऱ्याही काढते. मी इतिहासकार नव्हे. पण एखादं झाड इथे कसं आलं हे शोधायचं म्हणजे जुने कागद उलटावेच लागतात, आणि एकदा ती सवय लागली की सुटत नाही.

तर ही बागच मुळात दुसरीकडची. १८३० साली मुंबईत अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाची संस्था निघाली. नाव भारदस्त, काम साधं: देशोदेशीची उपयोगी झाडं, बियाणं आणायचं, इथल्या हवेत काय तगतं ते बघायचं आणि जे तगेल त्याची रोपं वाटायची. कापसाचे वाण, इमारती लाकूड, फळं, फुलं, सगळंच त्यात आलं. या संस्थेची बाग होती शिवडीला. आज तिथे ख्रिश्चन दफनभूमी आहे. १८६५ च्या सुमारास शहराला दफनासाठी जागा हवी होती आणि बागेची जमीन त्या कामी गेली. तोवर संस्थेने आपलं बिऱ्हाड भायखळ्याला हलवलं होतं. माझगावच्या माउंट इस्टेट नावाच्या जमिनीपैकी ३३ एकर तिला मिळाले, तीच आपली राणीची बाग.

हे घडलं कसं? १८५७ चा उठाव मोडून काढल्यावर कंपनीचं राज्य संपलं आणि १८५८ च्या नोव्हेंबरात राणीचा जाहीरनामा देशभर वाचला गेला. मुंबईतल्या प्रतिष्ठितांनी सभा भरवली आणि राणीच्या नावाने काहीतरी कायमचं उभारायचं ठरलं. त्यात जगन्नाथ शंकरशेट होते, डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि जॉर्ज बर्डवूड नावाचा एक डॉक्टर होता, जो बेळगावात जन्मला होता. ठरलं ते असं की एक वस्तुसंग्रहालय आणि त्याच्याभोवती एक बाग. वस्तुसंग्रहालयाची कल्पना नवी नव्हती. त्याआधी किल्ल्यातल्या, म्हणजे आजच्या फोर्टातल्या, बराकीत एक छोटा संग्रह मांडलेला होता. पण ५७ च्या धामधुमीत सैनिकांसाठी जागा हवी म्हणून तो घाईघाईने बाहेर काढला गेला आणि त्यात बरंच काही नासलं. म्हणजे बागेसारखंच संग्रहालयही बेघर होतं.

१९ नोव्हेंबर १८६२ या एकाच दिवशी दोन समारंभ झाले. गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांनी संग्रहालयाची कोनशिला बसवली आणि लेडी फ्रीअर यांच्या हस्ते बाग लोकांना खुली झाली. नाव ठेवलं व्हिक्टोरिया गार्डन्स. मराठी माणसाच्या तोंडी ते कधीच बसलं नाही, त्याने पहिल्यापासून ‘राणीची बाग’ म्हटलं. पुढे सरकारी कागदावर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव आलं, ते पाटीवर आहे. पण भायखळा स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला पूर्ण नाव सांगून बघा, तो दोन क्षण विचार करेल आणि म्हणेल, “म्हणजे राणीबागच ना?”

तो काळ मुंबईत पैशाचा पूर आलेला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि सगळ्यांची नजर मुंबईकडे वळली. कापसाच्या नफ्यातून कंपन्या निघाल्या, शेअर निघाले, लोकांनी देणग्याही सढळ हाताने दिल्या. डेव्हिड ससून यांच्या नावाचा घड्याळाचा मनोरा संग्रहालयासमोर उभा आहे ना, तो १८६५ चा, म्हणजे बरोबर त्या लाटेच्या शेवटाचा. त्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध थांबलं, कापसाचे भाव कोसळले आणि शेअरबाजार बुडाला. वर्गणीवर चाललेलं संग्रहालयाचं बांधकाम अडकलं. शेवटी सरकारने ते पुरं केलं आणि २ मे १८७२ ला दरवाजे उघडले. बाग चालवणारी सोसायटीही टिकली नाही. १८७३ साली बाग नगरपालिकेकडे आली आणि आजतागायत महापालिकेकडेच आहे. ज्यांच्या झाडाच्या हौसेतून हे सगळं निघालं त्या संस्थेचं नाव आज बागेत फिरणाऱ्या शंभरातल्या एकालाही ठाऊक नसतं.

संग्रहालयाबद्दल इथे थोडक्यातच सांगते, कारण तो स्वतंत्र विषय आहे. आधीचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. इमारत मोडकळीला आली होती. २००३ पासून दुरुस्तीचं मोठं काम झालं, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ ला ते पुन्हा खुलं झालं. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या पेडणे भागातले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकड्यांमधले डॉक्टर. ते महारोगावर औषध शोधत होते आणि त्यांचा भर होता खष्ट नावाच्या झाडाच्या बियांच्या तेलावर. आपल्या कोकणात त्याला कडू कवठही म्हणतात. माझ्यासारखीला संग्रहालयाच्या नावात प्राचीन नाणी, शिलालेख वाचणारा पंडित दिसत नाही, हातात बिया घेऊन बसलेला वैद्य दिसतो. ज्याचं त्याचं.

आता बाग कुठे होती ते बघा. १८६२ साली भायखळा-माझगाव म्हणजे बंगल्यांचा भाग. भायखळा क्लब होता, घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं, किल्ल्यातून निघालेले साहेब आणि शेठ लोक संध्याकाळी बग्गीतून हवा खायला इकडे येत. बागेत बँडस्टँड बांधला, ग्रीक-रोमन धाटणीचा फ्रीअर टेंपल उभारला, ते या गिऱ्हाइकासाठी. पण बाग उघडली आणि पाठोपाठ शहराने कूस बदलली. चिंचपोकळी, लालबाग, परळ, भायखळा सगळीकडे कापडगिरण्यांची धुरांडी उभी राहिली. शर्यतींचं मैदान महालक्ष्मीला गेलं, शेठ मलबार हिलला गेले. बाग जिथल्या तिथेच राहिली आणि तिच्याभोवती गिरणगाव वसलं. बंगल्यातल्या लोकांसाठी आखलेली बाग दोन पिढ्यांत चाळीतल्या लोकांची झाली. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसं राहत होती, त्यांना सुट्टीच्या दिवशी पाय पसरून सावलीत बसायला मुंबईत किती जागा होत्या? चौपाटीवर ऊन. देवळात गर्दी. राणीच्या बागेत डबा उघडून बसता येत होतं. कोकणातून, देशावरून पाहुणा आला की त्याला दाखवायच्या जागांत राणीची बाग पहिल्या तीनांत, ही रीत तेव्हापासूनची. तुमचे वडील तुम्हाला हत्तीवर बसवायला तिथेच घेऊन गेले, हा काही योगायोग नव्हे.

आणि हत्तीवरून आठवलं. संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. बहुतेक लोक त्याच्या पायाशी फोटो काढतात आणि पुढे जातात. त्याची गोष्ट अशी. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं ते या हत्तीमुळे. तो तिथे किनाऱ्याजवळ उभा होता. १८१४ साली त्याची मान तुटून डोकं खाली पडलं, मग धडही खचलं. १८६४ ला त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे नव्या बागेत आणून टाकले. तब्बल पन्नास वर्षं ते तसेच पडून होते. १९१४ च्या सुमारास जोडून पुन्हा उभे केले. जवळ जा, म्हणजे जोड दिसतात: दगडाचा रंग मध्येच बदलतो, कडा एकमेकींत नीट बसत नाहीत. मी शाळेतल्या मुलांना घेऊन गेले की आधी हे जोड शोधायला लावते. मोठ्यांपेक्षा मुलांना ते लवकर सापडतात.

शहराला एखादी गोष्ट टाकवत नाही आणि ठेववतही नाही, तेव्हा ती राणीच्या बागेत येते, असा माझा अनुभव आहे. स्वातंत्र्यानंतर इंग्रज राजाराण्यांच्या आणि गव्हर्नर जनरलांच्या पुतळ्यांचं काय करायचं हा प्रश्न पडला. १९६५ साली ते एकेक करून हलवले. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड घोड्यासकट इथे आला. म्हणजे फोर्टातल्या ज्या चौकाला आपण काळा घोडा म्हणतो तिथे ५० वर्षं घोडाच नव्हता. आता २०१७ पासून स्वार नसलेला नवा घोडा बसवला आहे. कॉर्नवॉलिस आला, वेलस्ली आला. आणि राणी स्वतः आली, संगमरवरात, सिंहासनावर बसलेली, नाक फुटलेल्या अवस्थेत.

हा राणीचा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मुंबईला दिलेला, मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला, १८७२ चा. १८९६ साली चापेकर बंधूंनी रात्री जाऊन त्याला डांबर फासलं. हो, तेच चापेकर, ज्यांनी पुढच्या वर्षी पुण्यात रँडला मारलं. डांबर काही केल्या निघेना, शेवटी प्रा. त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने तो साफ करून दिला. पुण्यातून येणाऱ्या मंडळींना मी हा पुतळा मुद्दाम दाखवते. ज्या राणीच्या नावाने बाग निघाली ती राणी शंभर वर्षांनी बागेत आली ती अशी, मागच्या बाजूला, झाडाच्या सावलीत, कुणाला फारशी ओळखू न येणारी.

आता झाडं. सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घेणार आहे.

बागेत आज तीन हजारांहून जास्त झाडं आहेत आणि त्यात २८६ जाती मोजलेल्या आहेत. मुंबईसारख्या शहरात एका कुंपणाच्या आत एवढ्या जाती दुसरीकडे सापडणार नाहीत. सोसायटीने ज्या काळात बाग लावली त्या काळात रोपं लांबून आणण्याची एक नवी युक्ती निघाली होती: काचेची बंद पेटी. रोप मातीसकट पेटीत बंद करायचं. पानांतून निघालेली वाफ काचेवर जमते, पुन्हा मातीत उतरते, आणि खारा वारा आत शिरत नाही. त्याआधी जहाजावर महिनोन्‌महिने प्रवास करणारी बहुतेक रोपं वाटेतच मरायची. ब्रह्मदेश, आफ्रिका, दक्षिण अमेरिका इथली झाडं जगभरच्या बागांत पोचली ती बहुतेक अशा पेट्यांत बसून.

या झाडांत माझं सगळ्यात आवडतं म्हणजे उर्वशी. मूळची ब्रह्मदेशातली. तिचं शास्त्रीय नाव लेडी अ‍ॅमहर्स्ट या गव्हर्नर जनरलच्या बायकोवरून ठेवलं आहे. लाल-गुलाबी फुलांचे हातभर लांब झुपके फांदीवरून खाली लोंबतात, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. जगातल्या सगळ्यात देखण्या फुलझाडांत तिची गणना होते. फारसं बी धरत नाही, धरलं तर रुजेलच असं नाही. म्हणून गुटी बांधून वाढवावी लागते. फांदीची साल गोल कापायची, ओलं शेवाळ बांधायचं आणि मुळं फुटायची वाट बघायची. अशा झाडाची नवी पिढी आपोआप तयार होत नाही. एक उर्वशी गेली म्हणजे तिच्या जागी कुणीतरी हाताने दुसरी आणून लावावी लागते.

या झाडाने माझी एकदा चांगली फजिती केली आहे. शिकून नुकतीच बाहेर पडले होते. उर्वशीच्या फांद्यांना तपकिरी-गुलाबी पानांचे लांबलचक घोस लटकलेले दिसले, रुमाल वाळत घातल्यासारखे, अगदी मरगळलेले. मी बरोबरच्या लोकांना ऐटीत सांगितलं, झाडाला पाणी कमी पडतंय, मुळांना काहीतरी झालंय. बाजूला एक वयस्कर माळीकाका पालापाचोळा गोळा करत होते. ते हसले. म्हणाले, “बाई, कोवळं पान असंच येतं तिचं. आठ दिवसांनी या, ताठ झालेलं असेल.” आणि झालंच होतं. कोवळं पान आधी लोंबत बाहेर येतं, त्याला हिरवा रंगही नसतो, मग हिरवं होता होता सरळ होतं. पुस्तकात हे लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून एखाद्या झाडाबद्दल मत देण्याआधी तिथल्या माळ्याला विचारायची सवय लागली. आजवर तोटा झालेला नाही.

दुसरं दाखवते ते कैलासपती. खोडालाच फुलं, खोडालाच तोफगोळ्याएवढी फळं. फूल तोडून हातावर घ्या: मधोमध पांढरी पिंड आणि तिच्यावर झुकलेला पुंकेसरांचा पडदा, अगदी फणा काढलेल्या नागासारखा. म्हणून लोक ते शंकराला वाहतात आणि झाड पुराणातलंच समजतात. प्रत्यक्षात हे आलंय दक्षिण अमेरिकेतून, फार जुनं नाही. हे सांगितलं की काही जणांचे चेहरे पडतात. मी म्हणते, मिरचीही तिकडूनच आली, बटाटाही. उपासाला बटाटा चालतो ना? फुलाचा वास उत्तम, पण फळ पिकून खाली फुटलं की दहा पावलांवरून नाक धरावं लागतं. पावसाळ्याच्या तोंडावर त्या झाडाखाली उभं राहू नका, फळ डोक्यात पडलं तर चेष्टा नाही.

तिसरं गोरखचिंच. आफ्रिकेतलं. बुंधा पिंपासारखा फुगलेला, कारण पाणी साठवतो. फांद्या वरती जणू मुळं. उन्हाळ्यात पूर्ण निष्पर्ण, आणि नवखे लोक हमखास म्हणतात की झाड वाळलंय. जूनमध्ये पालवी आणि मग पांढरी, वाटीएवढी, लोंबती फुलं, तीही रात्री उमलणारी. ती वटवाघळांसाठी असतात, आणि वटवाघळांची इथे कमी नाही. दुपारी मोठ्या झाडांच्या शेंड्यांकडे मान वर करून बघा, काळे लखोटे टांगल्यासारखी दिसतील. ही वटवाघळं कुठल्याही पिंजऱ्यात नाहीत, त्यांचं तिकीट नाही, आणि प्राणी बघायला आलेली शंभरातली नव्वद माणसं त्यांच्या खालून जातात.

प्राण्यांकडे वळते. १८९० ला १५ एकर जोडले आणि प्राणीसंग्रहालय सुरू झालं. त्या काळची पद्धत म्हणजे गज, फरशी आणि आत फेऱ्या मारणारा वाघ. आपल्या पिढीने तेच पाहिलं. पुढे कायदे आले, केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरण आलं, पिंजऱ्यांचे नियम बदलले, आणि जुने पिंजरे त्या नियमांत बसेनात. बदल व्हायलाच हवा होता, यात माझं दुमत नाही. प्रश्न होता तो कसा करायचा. २००७ च्या सुमारास थायलंडच्या एका सल्लागार संस्थेचा ४३३ कोटींचा आराखडा आला: थीम पार्कसारखी मांडणी, नवी बांधकामं. नागरिकांनी, त्यात बऱ्याच बायका होत्या, झाडं मोजायला घेतली. वर सांगितलेला २८६ जातींचा आकडा त्या मोजणीतून आलेला आहे. वारसा समितीकडे प्रकरण गेलं, हरकती झाल्या आणि तो आराखडा मूळ रूपात अमलात आला नाही. त्यानंतर जे आलं ते आटोपशीर होतं.

पेंग्विन त्या नंतरच्या टप्प्यातले. जुलै २०१६ ला सोलहून आठ हंबोल्ट पेंग्विन आले, त्यातली एक मादी ऑक्टोबरमध्ये दगावली, आणि मार्च २०१७ ला दालन लोकांसाठी उघडलं. हंबोल्ट हे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फातले नव्हेत, तरी मुंबईच्या उन्हाळ्यात त्यांना १६ ते १८ अंशांत ठेवावं लागतं. त्याच वर्षी पाच रुपयांचं तिकीट पन्नास रुपये झालं. शनिवार-रविवारची रांग मात्र त्याने कमी झाली नाही, उलट वाढली. २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून वाघांची जोडी आली, शक्ती आणि करिश्मा. नव्या आवारात झाडं आहेत, पाणी आहे, काचेतून बघायची सोय आहे. जुन्या पिंजऱ्यांपेक्षा निःसंशय बरं.

पण नवं आवार बांधताना जे जमिनीखाली घडतं ते कुणाला दिसत नाही, आणि माझ्या व्यवसायातली निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. लोकांना वाटतं झाडाची मुळं खोल जातात, फांद्यांएवढीच खाली पसरतात. तसं नसतं. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हात मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी पुढे जातात. म्हणून बुंध्यापासून पंधरा फुटांवर केबलसाठी चर खणला तरी एका बाजूची मुळं गेली. फरसबंदी केली, माती चार बोटं वाढवली, जड ट्रक झाडाखालून नेला, की मातीतली हवा संपते. झाड लगेच मरत नाही. तीन-चार वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, आणि तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं. एका सोसायटीत मी असं एक पर्जन्यवृक्षाचं झाड पाहिलं. बुंध्याला सुंदर गोल पार बांधला होता, वर ग्रॅनाईट, बसायला मस्त. पाच वर्षांत झाड गेलं. पार अजून आहे, त्याच्यात आता तुळस लावली आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईत झाडं पडली, त्यातल्या जेवढ्यांची मुळं मी जाऊन पाहिली त्यांत बऱ्याच ठिकाणी एका बाजूला मूळ नव्हतंच. वारा फक्त निमित्त होता.

म्हणून राणीच्या बागेत कुठे खोदाई दिसली की मी विचारते: जवळ काय उभं आहे, किती अंतरावर, आणि माती कुठे टाकणार? माझ्यासारखेच विचारणारे अजून पुष्कळ आहेत, आणि बागेतले काही अधिकारी त्यांचं ऐकतातही.

तुम्ही विचारलं होतं की पिंजरे सोडून काय बघायचं. पुढच्या वेळी मुलीला घेऊन जाल तेव्हा असं करा. बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी बाग बंद असते. सकाळी दार उघडताच जा. पेंग्विनची रांग लागायच्या आत झाडांखालून एक चक्कर मारून होते. जानेवारी ते मार्च या दिवसांत गेलात तर उर्वशीला फूल असण्याची शक्यता जास्त. ती कुठे आहे ते सापडलं नाही तर झाडलोट करणाऱ्या माळ्याला विचारा, नकाशापेक्षा तो बरा सांगेल. खाली पडलेली बकुळीची फुलं मुलीला वेचू द्या, उभ्या झाडाची तोडू देऊ नका. मग दगडी हत्तीपाशी जा आणि तिला सांगा की याला किती तुकड्यांत जोडलाय ते मोज. तिचा आकडा किती आला ते मला कळवा. माझा दर वेळी वेगळा येतो.